आकडा उतरला म्हणून पिशवी?

गणपती उठले की महाराष्ट्रातल्या शहरांत दरवर्षी तीच धावपळ सुरू होते. मोबाइलवर निरोप फिरू लागतात : अमुक रुग्णालयात डेंगीचा रुग्ण, प्लेटलेट 28 हजारांवर, एसडीपी (एकाच दात्याच्या प्लेटलेट) तातडीने हवे, रक्तगट हा, संपर्क हा. निरोप धाडणाऱ्याचा जीव खरोखरच टांगणीला लागलेला असतो. एक भाऊ एका रक्तपेढीत, मेहुणा दुसरीत, ऑफिसातले मित्र दाता शोधायला बाहेर पडलेले. मध्यरात्रीनंतर कधीतरी पिशवी मिळते, चढते. सकाळच्या रिपोर्टात आकडा 32 हजार येतो, संध्याकाळी पुन्हा 26 हजार, आणि दुसऱ्या पिशवीचा शोध सुरू होतो. दोन दिवसांनी आकडा आपोआप चढायला लागतो, रुग्ण घरी जातो आणि श्रेय पिशवीच्या नावावर जमा होते. ज्याला कुठूनही रक्तस्राव होत नाही आणि ज्याचा आकडा 10 हजारांच्या बराच वर आहे, अशा रुग्णाला ती पिशवी नको होती. हे त्याच्या घरच्यांना कुणीतरी त्या रात्रीच सांगायला हवे होते.

केंद्र सरकारच्या डेंगीविषयक मार्गदर्शक सूचना याबाबत मोघम नाहीत. रक्तस्राव नसेल तर प्लेटलेट 10 हजारांच्या खाली गेल्यावरच खबरदारी म्हणून पिशवीचा विचार करावा, असे त्या म्हणतात. प्रत्यक्षात 50 हजारांना घरचे घाबरतात, 30 हजारांना डॉक्टरांवर दबाव येतो आणि 20 हजारांना पिशवी स्टँडवर लटकलेली असते. बरे, 20 हजारांच्या खाली गेलेल्यांना पिशवी दिली तर काय होते आणि न दिली तर काय, हा प्रश्नही आता अंदाजावर सोडलेला नाही. सिंगापूर आणि मलेशियातल्या डॉक्टरांनी 20 हजार किंवा त्याहून कमी प्लेटलेट असलेले, पण गंभीर रक्तस्राव नसलेले 372 प्रौढ डेंगीरुग्ण घेतले आणि चिठ्ठ्या टाकाव्यात तसे त्यांचे दोन गट पाडले. एका गटाला नेहमीच्या उपचारांबरोबर प्लेटलेट दिल्या, दुसऱ्याला फक्त नेहमीचे उपचार. 2017 साली ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष छापून आले. प्लेटलेट मिळालेल्यांपैकी 21 टक्क्यांना रक्तस्राव झाला, न मिळालेल्यांपैकी 26 टक्क्यांना. हा फरक योगायोगाने पडू शकतो इतकाच आहे. दुष्परिणामांच्या घटना मात्र पिशवी मिळालेल्या गटात 13 घडल्या, दुसऱ्या गटात 2. पिशवीमुळे निदान नुकसान तरी होत नाही, हा समज या दोन आकड्यांपुढे टिकत नाही.

असे का होते, हे कळायला प्लेटलेट आणि विषाणू यांच्यात काय घडते ते पाहावे लागते, आणि तिथेच या विषयाची खरी गोडी आहे. प्लेटलेट ही रक्तातली सर्वांत लहान पेशी, जेमतेम दोन-तीन मायक्रॉन रुंदीची. इटलीत तुरिनला जुलिओ बिझ्झोझेरो यांनी 1882 साली या चकत्यांचा सविस्तर अभ्यास मांडला; रक्तवाहिनीला इजा झाली की त्या तिथे चिकटून ढीग करतात, हे त्यांनी पाहिले. 1906 मध्ये अमेरिकेत जेम्स होमर राइट यांनी दाखवले, की अस्थिमज्जेतल्या मेगाकॅरिओसाइट नावाच्या भल्या मोठ्या पेशीचे तुकडे पडून प्लेटलेट तयार होतात. तुकडाच तो, त्यामुळे तिला केंद्रक नाही. आयुष्य आठ-दहा दिवसांचे. निरोगी माणसाच्या एका मायक्रोलिटर रक्तात दीड ते साडेचार लाख प्लेटलेट असतात आणि शरीर रोज सुमारे दहा हजार कोटी नव्या बनवते. केंद्रक नाही, आयुष्य एवढेसे, म्हणून पुढे दीर्घकाळ तिच्याकडे जखमेचे भोक बुजवणारी पेशी एवढ्याच नजरेने पाहिले गेले. गेल्या काही दशकांत ही नजर बदलली. प्लेटलेटच्या अंगावर जंतू ओळखणारे ग्राहक असतात, पोटात दाह भडकवणाऱ्या रसायनांच्या पुड्या असतात, आणि मेगाकॅरिओसाइटकडून मिळालेली आरएनएची शिदोरीही असते. त्या आरएनएवरून ती केंद्रकाशिवायसुद्धा नवी प्रथिने बनवते. रक्तात शिरलेल्या विषाणूची गाठ ज्या पेशींशी लवकर पडते, त्यांत ही एक आहे.

डेंगीचा विषाणू सुमारे 50 नॅनोमीटरचा, म्हणजे प्लेटलेटच्या चाळीस-पन्नास पटींनी लहान. तो एकाच वेळी अनेक बाजूंनी तिच्यावर येतो. तापाच्या पहिल्या दिवसांत अस्थिमज्जा मंदावते, म्हणजे नव्या प्लेटलेट कमी बनतात. ज्या रक्तात फिरत आहेत त्यांच्या पृष्ठभागावरच्या डीसी-साइन नावाच्या ग्राहकाला आणि हेपरन सल्फेटच्या धाग्यांना विषाणू चिकटतो. चिकटताच प्लेटलेट खवळते. एरवी आतल्या बाजूला असणारे फॉस्फॅटिडिलसेरीन हे मेदद्रव्य बाहेर उलटते, आणि ते बाहेर दिसले की भक्षक पेशी त्या प्लेटलेटला गिळून टाकतात. डेंगीच्या निदानासाठी ज्याची तपासणी आपण करतो, ते ‘एनएस-वन’ हे विषाणूचे प्रथिन रक्तात मोकळे फिरत असते. तेही प्लेटलेटला चेतवते. त्याच्याविरुद्ध शरीराने बनवलेल्या प्रतिपिंडांपैकी काही चुकून स्वतःच्याच प्लेटलेटला जाऊन चिकटतात आणि तिच्यावर नाशाची मोहोर उमटवतात. आकडा उतरतो तो या साऱ्याच्या एकत्रित परिणामाने.

आता अशा रक्तात बाहेरून दुसऱ्याच्या प्लेटलेट आणून सोडल्या तर त्यांचे काय होणार? तेच, जे स्वतःच्या प्लेटलेटचे झाले. विषाणू तिथेच आहे, एनएस-वन तिथेच आहे, प्रतिपिंडे आणि भक्षक पेशीही तिथेच आहेत. म्हणून आकडा काही तास चढतो आणि पुन्हा खाली येतो. कारण सुटले की शरीर स्वतःच भरपाई करते; साधारण सातव्या-आठव्या दिवसापासून अस्थिमज्जा जोमाने कामाला लागते आणि एका दिवसात आकडा हजारोंनी वर जातो. नेमकी तेव्हा तिसरी पिशवी चढलेली असली, तर गुण तिचाच वाटणार.

याहून महत्त्वाची गोष्ट ब्राझीलमध्ये उलगडली. रिओ द जनेरोच्या ओस्वाल्दो क्रूझ प्रतिष्ठानातल्या शास्त्रज्ञांनी 2013 मध्ये दाखवले, की डेंगीच्या रुग्णांतल्या चेतवलेल्या प्लेटलेट इंटरल्युकिन-1 बीटा हे दाहक रसायन बनवतात, ते सूक्ष्म कणांत भरून बाहेर टाकतात, आणि त्या कणांमुळे रक्तवाहिन्यांचे अस्तर अधिक झिरपू लागते. म्हणजे विषाणूने नासवलेली प्लेटलेट नुसती मरत नाही. मरण्यापूर्वी ती रक्तवाहिन्या सैल करायला हातभार लावते. किती प्लेटलेट उरल्या यापेक्षा उरलेल्या काय करत आहेत, हा प्रश्न रुग्णाच्या जिवाशी अधिक जवळचा आहे. लॅबच्या कागदावरचा आकडा त्याचे उत्तर देऊ शकत नाही.

डेंगीत माणसे दगावतात ती बहुतेक वेळा रक्त वाहून नव्हे, तर रक्तातले पाणी गळून. अस्तर सैल झाले की रक्तरस रक्तवाहिन्यांतून निसटून छातीत आणि पोटात जमतो. बाहेर एक थेंब दिसत नाही. आत रक्त दाट होते, नाडी भरभर आणि बारीक चालते, वरचा आणि खालचा रक्तदाब एकमेकांच्या जवळ येतात, हातपाय गार पडतात, लघवी आटते. वेळेवर कळले तर साध्या सलाईनने, नेमक्या मापात, हे सावरता येते. उशीर झाला तर रुग्ण शॉकमध्ये जातो, आणि लांबलेला शॉक आतड्यातून मोठा रक्तस्राव घडवतो. तो रक्तस्राव पाहून लोक म्हणतात, प्लेटलेट कमी पडल्या.

गळतीचा हा काळ तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या दरम्यान, बहुधा ताप उतरतो तेव्हा सुरू होतो आणि 24 ते 48 तास टिकतो. ताप गेला, आता बरे वाटेल, घरी नेऊ, असे जेव्हा वाटते तीच ही वेळ. पोटात सतत दुखणे, थांबत नसलेली उलटी, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, ग्लानी किंवा विनाकारण अस्वस्थता ही तेव्हाची धोक्याची लक्षणे आहेत. यांपैकी एक जरी दिसले, तरी प्लेटलेट लाखभर असल्या तरी रुग्णालय गाठायला हवे.

गळती मोजायचे साधन ज्या सीबीसी रिपोर्टवर प्लेटलेट छापतात त्याच कागदावर असते. त्याचे नाव हिमॅटोक्रिट; काही लॅब पीसीव्ही लिहितात. रक्तातला लाल पेशींचा वाटा किती टक्के, हे तो सांगतो. पाणी गळले की तो वाढतो. एखाद्याचा नेहमीचा 40 असेल आणि तो 48 झाला, तर ती 20 टक्क्यांची वाढ आहे, आणि तो गळतीचा ठळक पुरावा आहे. रुग्णाच्या किती नातेवाइकांना हा आकडा ठाऊक असतो? प्लेटलेट विचारायला दिवसातून चार फोन येतात, हिमॅटोक्रिट विचारायला एकही येत नाही.

हे ज्ञान आपल्याच खंडात, लहान मुलांच्या खाटांशेजारी उभे राहून मिळवलेले आहे. डेंगीचा रक्तस्रावी प्रकार 1950 च्या दशकात आधी मनिलात आणि 1958 मध्ये बँकॉकमध्ये मोठ्या साथीच्या रूपाने आला. थायलंडच्या डॉ. सुचित्रा निम्मनित्य यांनी बँकॉकच्या बालरुग्णालयात वर्षानुवर्षे अशा मुलांची निरीक्षणे केली. हिमॅटोक्रिट पुन्हा पुन्हा मोजायचा, वाढला तर सलाईन वाढवायचे, उतरू लागला की हात आवरता घ्यायचा. जागतिक आरोग्य संघटनेची 1975 ची मार्गदर्शक तत्त्वे थायलंडच्या या अनुभवावर उभी आहेत. तीव्र डेंगीत उपचाराविना पाचातला एक रुग्ण दगावू शकतो. अशा काळजीने ते प्रमाण एक टक्क्याच्या खाली आणता येते. विषाणूवर आजही खास औषध नाही. हा फरक घडवला तो मिठाच्या पाण्याने, स्वस्त तपासणीने आणि दर काही तासांनी नाडी पाहणाऱ्या माणसांनी. आधुनिक वैद्यकातल्या मोठ्या यशांमध्ये मी याची गणना करतो, आणि त्याची गोष्ट आपल्या शाळांच्या पुस्तकांत नाही याचे मला वाईट वाटते.

मग प्लेटलेट मोजायच्याच नाहीत का? मोजायच्या. आकडा लाखाच्या खाली जाणे बहुधा गळतीच्या थोडे आधी घडते, म्हणून तो घड्याळासारखा उपयोगी आहे : सावध व्हायची वेळ झाली, एवढे तो सांगतो. त्यावरून रुग्णाला दाखल करावे, हिमॅटोक्रिट दिवसातून अधिक वेळा पाहावा. मात्र आकडा स्वतः भरून काढण्याची वस्तू नव्हे. शिवाय तो लॅबनुसार हलतो. नळीत प्लेटलेटचे पुंजके झाले तर यंत्राला त्या दिसत नाहीत, मोठ्या आकाराच्या कोवळ्या प्लेटलेट कधी लाल पेशींत धरल्या जातात. शंका आली तर काचपट्टी सूक्ष्मदर्शकाखाली पाहणे हा आजही खात्रीचा मार्ग आहे.

विषाणू प्रत्येक वेळी प्लेटलेट कमीच करतो, असेही नाही. फ्लूच्या विषाणूला प्लेटलेट गिळते, खवळते, आणि गुठळी होण्याकडे कल वाढतो. कॅनडातल्या एका अभ्यासात फ्लूचे निदान झाल्यानंतरच्या पहिल्या आठवड्यात हृदयविकाराच्या झटक्याची शक्यता सहापट आढळली. तो 2018 साली प्रसिद्ध झाला. उतारवयात आणि हृदयरुग्णांनी फ्लूची लस घ्यावी, या सल्ल्यामागे हेही एक कारण आहे. कोविडमध्ये तर आपण सर्वांनीच ते पाहिले. गुठळ्यांची चाहूल देणाऱ्या तपासणीचा डी-डायमर हा शब्द 2020-21 मध्ये घराघरांत पोहोचला. तेव्हा प्लेटलेटचा आकडा बहुतेकांत फारसा उतरत नव्हता, पण त्या अतिचेतलेल्या होत्या आणि फुप्फुसांत गुठळ्या होत होत्या; डॉक्टर रक्त पातळ ठेवणारे हेपरिन देत होते. तीच पेशी एका विषाणूच्या संगतीत रक्तस्रावाच्या भीतीचे नाव होते, दुसऱ्याच्या संगतीत गुठळीचे. सिंधुदुर्गातल्या दोडामार्गात आणि शेजारच्या गोव्यात सत्तरीत काजूच्या हंगामात येणारा माकडतापही प्लेटलेट उतरवतो. 1957 मध्ये कर्नाटकातल्या क्यासनूरच्या जंगलात माकडे मरू लागली तेव्हा पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने, म्हणजे आजच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने, त्याचा छडा लावला होता. गोचिडीतून येणारा तो विषाणू डेंगीच्याच कुळातला आहे. तिथल्या काजू बागायतदाराला आणि मजुराला ताप आला तर तिथेही प्लेटलेटच्या एका आकड्यावर थांबून चालणार नाही.

पपईच्या पानांचा रस, किवी, शेळीचे दूध यांवर मी फार शब्द खर्च करणार नाही. पपईच्या पानांच्या अर्काने आकडा थोडा लवकर चढल्याचे काही लहान अभ्यासांत दिसले आहे. त्याने रक्तस्राव किंवा मृत्यू टळतो असे सिद्ध झालेले नाही. आकडा हेच ध्येय मानले की अशा प्रत्येक गोष्टीला बाजार मिळतो. आधीच उलट्या होत असलेल्या मुलाला तो कडू रस बळेबळे पाजणे हा त्याच्यावर अन्याय आहे. ताक, पेज, नारळपाणी, मीठ-साखरेचे पाणी जेवढे पोटात टिकेल तेवढे द्यावे. तापासाठी पॅरासिटामॉल चालते. ॲस्पिरिन आणि आयब्युप्रोफेन मात्र घरात असले तरी हात लावू नये, कारण उरलेल्या प्लेटलेटचे काम ती बिघडवतात.

पिशवीचा मुद्दा केवळ वाया जाणाऱ्या पैशांचा नाही. एका दात्याकडून यंत्राने काढलेल्या प्लेटलेटच्या पिशवीला साधारण दहा-अकरा हजार रुपये पडतात, आणि हातावर पोट असलेल्या घराला ते कर्ज काढून द्यावे लागतात, हे आहेच. पण त्याहून मोठी गोष्ट साठ्याची आहे. लाल पेशी फ्रीजमध्ये महिनाभराहून अधिक टिकतात. प्लेटलेट 20 ते 24 अंशांवर, सतत हलवत ठेवाव्या लागतात आणि पाच दिवसांत संपवाव्या लागतात. त्यांचा मोठा साठा करता येत नाही. ज्या आठवड्यात डेंगीसाठी सगळे दाते संपतात, त्याच आठवड्यात रक्ताच्या कर्करोगाची मुले केमोथेरपीनंतर 5 हजार, 8 हजार प्लेटलेटवर पडून असतात. त्यांची अस्थिमज्जा औषधांनी बंद पाडलेली असते. सातव्या दिवशी ती आपसूक जागी होणार नाही. मुंबईतल्या टाटा रुग्णालयासारख्या ठिकाणी परगावाहून आलेल्या आईबापांना शहरात ओळखीचा दाता नसतो, मोबाइलवर निरोप फिरवणारे पंधरा मित्र नसतात. अपघातात रक्तस्राव झालेला रुग्ण, बाळंतपणात अतिरक्तस्राव झालेली बाई आणि खरोखर रक्तस्राव होत असलेला डेंगीचा रुग्ण यांचा त्या पिशवीवर पहिला हक्क आहे. विनाकारण चढवलेली पिशवी कुणाच्या तरी वाट्याची असते, आणि तो कुणीतरी आपल्याला दिसत नाही एवढेच.

डेंगीच्या रुग्णाला स्वतःलाही या पिशवीचा धोका आहे. गळती थांबल्यावर बाहेर साचलेले पाणी एक-दोन दिवसांत परत रक्तात येते. त्या वेळी आधीच दिलेले सलाईन आणि वर पिशव्यांतला रक्तरस यांचा भार हृदय-फुप्फुसांवर पडतो आणि बरा होत आलेला रुग्ण दम लागून अतिदक्षता विभागात जातो.

डॉक्टरांना हे माहीत नाही असे मुळीच नाही. बहुतेकांना पाठ आहे. पण आकडा 15 हजार आहे आणि मी पिशवी देत नाही, थांबून पाहतो, असे नातेवाइकांच्या घोळक्यापुढे म्हणायला धैर्य लागते. उद्या काही बरेवाईट झाले तर तोडफोड होईल, तक्रार होईल, ही भीती खोटी नाही. पिशवी दिली आणि रुग्ण गेला तर कुणी काही म्हणत नाही. न देता गेला तर सगळे म्हणतात. या भीतीतून डॉक्टरला सोडवणे हे रुग्णालय प्रशासनाचे आणि शासनाचे काम आहे, एकट्या निवासी डॉक्टरच्या खांद्यावर ते टाकता येणार नाही.

त्यासाठी करण्यासारखे बरेच आहे आणि त्याला फार पैसा लागत नाही. डेंगीच्या रुग्णाच्या खाटेवर लावायचा तक्ता राज्यभर एकच असावा : वर हिमॅटोक्रिट, नाडी, दोन्ही रक्तदाब, लघवीचे माप, प्लेटलेट शेवटच्या ओळीत. दाखल करतानाच नातेवाइकांना मराठीत एक पानी माहिती द्यावी, त्यात पिशवी केव्हा लागते आणि केव्हा लागत नाही हे लिहिलेले असावे, खाली रुग्णालयाचा शिक्का असावा, म्हणजे रात्री दोनला तरुण डॉक्टर एकटा पडणार नाही. लॅबने सीबीसीच्या कागदावर प्लेटलेट लाल अक्षरांत छापताना हिमॅटोक्रिटचा आधीच्या दिवसाशी फरकही छापावा. रक्तपेढीच्या मागणीपत्रावर प्लेटलेटचा आकडा आणि रक्तस्राव आहे की नाही, हे दोन रकाने भरल्याशिवाय पिशवी सुटू नये. रक्तस्राव असलेल्या रुग्णासाठी मात्र एक मिनिटही अडवणूक नको. रुग्णालयांतल्या रक्तसंक्रमण समित्यांनी दर महिन्याला या मागणीपत्रांचा आढावा घ्यावा. राज्य रक्त संक्रमण परिषदेने जुलै ते नोव्हेंबर या काळात जिल्हावार आकडे जाहीर करावेत : डेंगीसाठी किती पिशव्या दिल्या, त्यांतल्या किती 10 हजारांच्या वर आणि रक्तस्राव नसताना दिल्या. पहिला तक्ता पुढच्या पावसाळ्याच्या आत लोकांसमोर यायला हवा.